ॲम्प्लिफायरची आयुधपूजा

मद्रासच्या मूर मार्केटच्या मागच्या अंगाला जुन्या रेडिओंची पोटे फोडून विकायला मांडलेली असत. लढाई संपून बरीच वर्षे झाली होती, तरी लष्कराचा माल तिथे अजून निघत होता. हिरव्या रंगाच्या पत्र्याच्या पेट्या, तांब्याच्या तारेची भेंडोळी, आणि काचेचे व्हॉल्व्ह, वर्तमानपत्रात गुंडाळून टोपलीत ठेवलेले. भाव माझा मोठा भाऊ करायचा. मी व्हॉल्व्ह उजेडात धरून बघायचे. काचेच्या आत वरच्या टोकाला चांदीसारखा डाग असतो. तो चकचकीत असला तर व्हॉल्व्ह चांगला, पांढरा पडला असला तर आत हवा शिरलेली. मी मान हलवायचे, होय किंवा नाही. दुकानदाराला वाटे, मुलगी मुकी आहे. एकदा त्याने तामिळमध्ये तसे विचारलेसुद्धा.

"मुकी नाही," भाऊ म्हणाला, "कॉन्व्हेंटची आहे."

आम्ही तंजावरकडचे मराठी. नुंगंबाक्कमला भाड्याच्या घरात राहत होतो. वडील, आमचे अप्पा, एका ऑफिसात हेडक्लार्क होते. घरात आमची जुनी मराठी, रस्त्यावर तामिळ, आणि माझ्या शाळेत इंग्रजीशिवाय एक शब्द काढायची सोय नव्हती. या तिन्हींतून माझ्यात एवढेच उरले की मी कुठल्याच भाषेत फारसे बोलत नसे. इंग्रजी वाचायला मात्र मला आवडे, आणि त्याचा उपयोग असा झाला की मूर मार्केटमध्ये रद्दीतून मिळणारी विलायती रेडिओ मासिके मी कादंबरीसारखी वाचू लागले. त्यांतले सर्किटचे नकाशे वाचण्याचा धीर भावाला नव्हता. तो गिटार वाजवायचा. कोणी शिकवले नव्हते. वेपेरीच्या अँग्लो-इंडियन मित्रांच्या घरी बसून त्यांच्या बोटांकडे बघून तो शिकला होता. साध्या गिटारला त्याने तारांखाली लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे बसवून ती इलेक्ट्रिक केली होती. पण ती कुठे लावायची? बाहेरून आणलेला ॲम्प्लिफायर आमच्यासारख्यांनी हॉटेलच्या स्टेजवर लांबूनच बघायचा.

आदल्या वर्षी भाद्रपदात आई गेली होती. त्याबद्दल मला सांगण्यासारखे थोडे आहे. मी रडले नाही. लोक भेटायला येत तेव्हा मी दाराच्या चौकटीवरचा उडालेला रंग बघत असे. त्या वर्षात मला चव लागत होती, थंडी वाजत होती, कॉलेजात पास होता येत होते. बाकी काही होत नव्हते. एकदा सोल्डरिंगची सळई माझ्या बोटाला चिकटली आणि कातडी जळल्याचा वास आल्यावर मी हात काढला. भाऊ ओरडला, मी ओरडले नाही. मला ते काम आवडू लागले होते म्हणण्यापेक्षा, त्या कामात मला कोणी काही विचारत नव्हते. राळेचा धूर वर जायचा, शिसे पातळ होऊन चमकायचे, आणि थिजले की जोड पक्का. पुढचा जोड.

ॲम्प्लिफायर आम्ही वर्षभर जमवत होतो. बंद पडलेल्या एका सिनेमा थिएटरचे सामान निघाले तेव्हा त्यातून ट्रान्सफॉर्मर मिळाला आणि मोठा स्पीकर. स्पीकरचा कागद फाटला होता, तो मी पतंगाचा कागद आणि डिंक लावून सांधला. भावाला आवाज थरथरता करण्याची सोय हवी होती, आणि ती वाजवता वाजवता पायाने चालू-बंद करता यायला हवी. तसले बटण कुठून आणणार? ते आम्हाला पुदुपेटला मोडक्या मोटारींच्या ढिगात सापडले. जुन्या गाड्यांत हेडलाइट खाली-वर करायला ड्रायव्हरच्या पायाशी एक जाड बटण असे. ते पायाने दाबायलाच केलेले. मोटारवाल्याने विचारले, गाडी कोणती? भाऊ म्हणाला, "गाडी नाही, गिटार." मोटारवाला आमच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "मग हॉर्नपण घेऊन जा."

हे सगळे नुसत्या हौसेसाठी नव्हते. वेपेरीच्या एका डान्स बँडचा गिटारवाला ऑस्ट्रेलियाला निघाला होता. त्या काळात अँग्लो-इंडियनांपैकी बरेच जण जात होते. बँडला दिवाळीनंतर बेंगळूरच्या एका हॉटेलात सीझनभराचे काम मिळाले होते आणि जागा रिकामी होती. त्यांनी भावाला सांगितले, स्वतःचा ॲम्प्लिफायर आण, विजयादशमीच्या संध्याकाळी वाजवून दाखव, मग बघू. अप्पांनीही सांगून टाकले. ते रागावले नव्हते. न्यायाने बोलावे तसे बोलले.

"दिवस चांगला आहे. त्यांनी घेतलं तर जा, मी अडवणार नाही. नाही घेतलं तर त्या सोमवारपासून माझ्या ऑफिसात. साहेबांशी बोलून ठेवलंय. नंतर पुन्हा गिटारचं नाव नको. शरी?"

"शरी, ठीक," भाऊ म्हणाला.

तो माझ्याकडे वळून बघत होता. कारण वाजवायचे त्याने होते, पण वाजायचे मी जोडलेल्या ॲम्प्लिफायरच्या पेटीने होते.

आईचे वर्ष सरेपर्यंत घरात सण नव्हता. घर सांभाळायला आत्या तंजावरहून आली होती. तिचे यजमान तिकडे सुनेच्या हातचे जेवून पत्रांतून तक्रारी करत होते. वर्षश्राद्ध झाले आणि लगेच नवरात्र आले. आत्याने ठरवले की गेल्या वर्षीचेही या वर्षी भरून काढायचे. तिकडच्या रीतीने पायऱ्या मांडून देवादिकांच्या बाहुल्या बसवल्या. प्रसादाला रोज निराळ्या कडधान्याची उसळ, सुंडल. नवमीला सरस्वतीपूजा आणि आयुधपूजा. आमच्याकडे त्या दिवशी घरातली जी जी वस्तू काम करते ती देवीपुढे ठेवतात: पुस्तके, अप्पांचे पेन, विळी, खोबरे खवणायची खवणी, आईचे शिवणाचे मशीन. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पुनर्पूजा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. त्या दिवशी अभ्यास नाही, चिरणे नाही, शिवणे नाही. लहानपणी मला हा वर्षातला सगळ्यांत चांगला दिवस वाटे.

गिटार ठेवली. सोल्डरिंगची सळई, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर ठेवले. ॲम्प्लिफायर दोघांनी उचलून आणून भिंतीशी ठेवला. त्याची मागची फळी अजून लावायची होती, म्हणून तो पाठमोरा ठेवला, आतले सगळे दिसेल असा. पितळी वाटीत गंध कालवून आत्या त्याच्यासमोर बसली.

"ह्याला गंध कुठे लावायचं गो? तोंड कुठलं ह्याचं?"

"तोंड पलीकडे आहे," मी म्हणाले.

"म्हणजे ही पाठ? पाठीत एवढं सामान?"

"आत्या, माणसाच्याही पाठीतच सगळी दुखणी असतात," भाऊ म्हणाला.

"तू गप रे. देवासमोर वात्रटपणा." तिने पहिला ठिपका ट्रान्सफॉर्मरला लावला. "हा मोठा दिसतो. हा घरातला कर्ता?"

"हो," मी म्हणाले.

अप्पांनी केळीची पाने धुवायला हाक मारली म्हणून मी उठले. मी परत आले तेव्हा पेटीवर शेवंतीची माळ होती, भिंतीकडच्या जाळीवरही हात घालून उमटवलेली कुंकवाची बोटे होती, व्हॉल्व्हच्या काचांवरही ठिपके होते. काचेवरच्या ठिपक्याने काही बिघडत नाही. मी तेवढे बघितले. आरती झाली. त्यानंतर हात लावायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुनर्पूजा झाली. तेव्हा प्रत्येकाने आपापली विद्या थोडी तरी करायची असते. अप्पांनी पाटावर बसून पेनने श्रीकार लिहिला. मला आत्याने पुस्तक उघडून मोठ्याने वाचायला लावले. माझ्या हाताला कॉलेजचे इंग्रजी पुस्तक आले, तेच मी वाचले, आणि आत्या डोळे मिटून, समजल्यासारखी ऐकत बसली. तेवढ्यात भावाने फळी लावून स्क्रू आवळले. आदल्या दिवसापर्यंत पेटी नीट वाजत होती. पुन्हा लावून बघावे असे दोघांच्याही मनात आले नाही.

मी बरोबर जायचे हे ठरलेलेच होते. काही बिघडले तर मीच बघणार. पण वेपेरीला, डान्सच्या हॉलमध्ये, संध्याकाळी, मुलगी? अप्पा काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, "मी जाते." आणि ती नऊवारी लुगडे नेसून, नाकात हिऱ्याची नथनी, हातात प्रसादाचा डबा घेऊन टॅक्सीत बसली. पेटी डिकीत मावली नाही, म्हणून मागच्या सीटवर तिच्या आणि माझ्या मध्ये बसली. आत्याने तिच्यावर हात ठेवला होता, जसा लहान मुलावर ठेवतात.

हॉल मोठा होता. छतावरून कागदाच्या जुन्या झालरी लोंबत होत्या. बँडचा पुढारी पियानो वाजवणारा जाडा माणूस होता, सदऱ्याच्या बाह्या वर केलेला. ड्रमवाला होता, आणि फुलाफुलांचा फ्रॉक घातलेली गाणारी बाई. त्यांनी आत्याला पंख्याखालची खुर्ची दिली. तिने लगेच डबा उघडून सगळ्यांना सुंडल वाटले.

"व्हॉट इज दिस, आंटी?" ड्रमवाल्याने विचारले.

"चणे," आत्या मराठीत म्हणाली. "खा. गरम आहेत."

त्याने खाल्ले आणि आणखी मागितले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरगा चांगला आहे. कुठल्या जातीचा?"

मी तिच्या हातातला डबा घेऊन गाणाऱ्या बाईपुढे धरला.

भावाने पेटी स्टेजवर ठेवली, तारा जोडल्या, मोटारीचे बटण पायाशी ठेवले. जाड्या माणसाने ते बघितले आणि म्हणाला, "काय मॅन, गाडी चालवणार की गिटार वाजवणार?" सगळे हसले. भाऊही हसला, पण त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. मी स्टेजच्या बाजूला, पेटीच्या मागे, एका मोडक्या स्टुलावर बसले होते. आत्याही खुर्ची सोडून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिला जवळून बघायचे होते.

पेटी चालू केली. व्हॉल्व्ह तापायला थोडा वेळ लागतो. भावाने पहिला सूर काढला. आवाज चांगला आला, भरलेला. पियानो त्याच्याबरोबर निघाला, ड्रम निघाला. आणि मग मला चंदनाचा वास आला.

"बघ," आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "देवीचा वास येतो आहे. काळजी करू नको. मी आतसुद्धा लावलंय."

"आत कुठे?"

"सगळीकडे. ती खाली ओळीने छोटी छोटी माणसं उभी आहेत ना, रंगीत पट्ट्यांची, त्या सगळ्यांना. एकालाही सोडलं नाही. मोठ्यांना तेवढं लावायचं आणि लहानांना तसंच ठेवायचं, ते बरं नव्हे."

ती रंगीत पट्ट्यांची माणसे म्हणजे रेझिस्टर. ते एका पट्टीवर ओळीने जोडलेले होते, आणि त्या पट्टीच्या एका टोकाला शेकडो व्होल्ट असतात, शेजारच्या टोकाला जवळजवळ काहीच नसते. मध्ये कोरडी जागा असायला हवी. आता तिथे गंध होते, आणि गंधात हळद-कुंकू. कुंकवात चुना असतो. मद्रासची ऑक्टोबरची हवा ओली. मला हे सगळे एका बाजूने, शांतपणे कळत गेले, परीक्षेत उत्तर आठवावे तसे. आवाजाच्या तळाशी घरघर सुरू झाली होती. बाकी कोणाच्या ती लक्षात आली नव्हती. मी मागच्या फळीच्या फटीतून बघितले. एका व्हॉल्व्हच्या आतला काळा पत्रा कडेने लाल व्हायला लागला होता.

आणखी थोडा वेळ गेला असता तर तो व्हॉल्व्ह गेला असता, आणि त्याच्यामागून ट्रान्सफॉर्मर. तसला दुसरा मिळणार नव्हता. गाणे मध्येच बंद पडले असते, जाड्या माणसाने खांदे उडवले असते, आणि सोमवारी भाऊ अप्पांबरोबर बसमध्ये बसून ऑफिसला गेला असता. रोज संध्याकाळी तो घरी आला असता. मी तिथे स्टुलावर बसून हे सगळे बघितले. मला वाईट वाटले नाही की बरेही वाटले नाही. भाऊ डोळे मिटून वाजवत होता. चंदनाच्या वासात आता जळकट वास मिसळला होता.

"बंद कर," मी म्हणाले.

कोणालाच ऐकू गेले नाही. मी उठले, आणि स्टेजवर जाऊन, त्या सगळ्यांसमोर, भावाला पुन्हा म्हणाले, "अण्णा, बंद कर. आत्ता." इतका मोठा माझा आवाज मी स्वतःसुद्धा ऐकला नव्हता. गाणे थांबले.

"काय झालं?" जाडा माणूस म्हणाला. "हू इज शी?"

"माझी बहीण," भाऊ म्हणाला. "हिनेच बनवलाय."

"ही?" त्याने माझ्या वेणीकडे बघितले, मग पेटीकडे.

मी वायर काढली, फळी उघडली. आत डोकावण्याआधी मी स्क्रू-ड्रायव्हरचे पाते कंडेन्सरला टेकवले. पेटी बंद असली तरी त्यात वीज साठून राहते. ठिणगी उडाली, बारीकसा फटाका फुटावा तसा आवाज झाला, आणि गाणारी बाई "जीझस!" म्हणून मागे सरकली. आत्याने दृष्ट काढावी तशी कानशिलांवर बोटे मोडली.

पट्टीवर ओळीने ठिपके होते, प्रत्येक रेझिस्टरच्या पायाशी, काळजीने लावलेले, सुबक. दोन ठिपक्यांच्या मध्ये एक बारीक तपकिरी रेघ उमटायला लागली होती. ती काळी झाली असती तर पट्टीच बदलावी लागली असती.

"स्पिरिट आहे का?" मी इंग्रजीत विचारले. "नुसती दारूसुद्धा चालेल. पाणी नको."

ड्रमवाला म्हणाला, क्लबचा बार आज बंद आहे. मग गाणाऱ्या बाईने पर्समधून सेंटची बाटली काढली. "ओ द कोलन. चालेल?"

चालेल. त्यातही स्पिरिटच असते. तिने रुमालही दिला, लेसच्या कडेचा. मी नको म्हणाले तरी तिने तो माझ्या हातात कोंबला. मी रुमालाचे टोक भिजवून एकेक ठिपका पुसत गेले. तपकिरी रेघ नखाने खरवडली, पुन्हा पुसली. लाल झालेला व्हॉल्व्ह काढून भावाच्या खिशातला जास्तीचा बसवला. हॉलभर ओ द कोलनचा वास झाला. आत्या माझ्यामागे उभी राहून बघत होती.

"मी लावलं म्हणून झालं?" तिने हळूच विचारले.

"हवा ओली आहे," मी म्हणाले.

"हवा ओली असते तर सगळ्यांनाच ओली असते." माझे पुसून झाल्यावर तिने रुमाल माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि डब्यात ठेवून दिला. "धुऊन परत देऊ तिला. चांगल्या घरचा रुमाल दिसतो."

फळी न लावताच पेटी पुन्हा चालू केली. व्हॉल्व्ह नारिंगी उजळले, पत्रे काळे राहिले. घरघर नव्हती. भावाने सुरुवातीला नुसते सूर काढून बघितले, मग तेच गाणे पहिल्यापासून घेतले. मध्ये त्याने पायाने बटण दाबले आणि आवाज पाण्यावरच्या उजेडासारखा हलायला लागला. जाड्या माणसाने पियानो वाजवता वाजवता ड्रमवाल्याकडे बघितले आणि भुवया उंचावल्या. मला तेव्हाच कळले.

गाणे संपल्यावर त्याने भावाच्या पाठीवर थाप मारली. "दिवाळी झाली की निघायचं, मॅन. तुझ्या बापाला सांग." मग माझ्याकडे वळून, जरा अदबीने, "मिस, आमच्या बास गिटारसाठी असाच एक कराल? मोठा?" मी मान हलवली. ती होय होती की नाही, हे त्याने विचारले नाही.

परतताना भाऊ पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, गिटार गुडघ्यांत उभी धरून. मागे पेटी पुन्हा आमच्या मध्ये. अंधार पडला होता, रस्त्यावर सणाची गर्दी होती, गाड्यांना केळीचे खुंट आणि माळा बांधलेल्या होत्या.

"बेंगळूरला सीझन म्हणजे किती?" आत्याने मला विचारले.

"काही महिने. मग जिथे काम मिळेल तिथे. कलकत्ता, उटी."

"म्हणजे घरी नाही."

"नाही."

"हे तुला आधी माहीत होतं?"

"हो."

"पेटी बिघडली असती तर राहिला असता."

"हो."

ती पेटीवरून माझ्याकडे वाकली आणि अगदी खालच्या आवाजात, भावाला ऐकू जाणार नाही अशी, म्हणाली, "मग पुसलंस कशाला गो? तू तर काही केलंच नव्हतंस. मी केलं होतं. राहू द्यायचं होतंस तसंच."

मी विचार केला. खरोखरच केला, कारण तिला उत्तर हवे होते.

"घरघर येत होती," मी म्हणाले.

आत्या माझ्याकडे बघत राहिली, मग खिडकीबाहेर बघायला लागली. पुढे भाऊ ड्रायव्हरला तामिळमध्ये सांगत होता, जरा हळू चालव, मागे काचेचे सामान आहे.